मेल्यावर सापडलेली शुगर

महाराष्ट्रातली खणखणीत तब्येतीची माणसं कुठं राहतात, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर उत्तर सोपं आहे. ती विम्याच्या अर्जात राहतात. तिथं कुणाला शुगर नाही, कुणाला बीपी नाही. गेल्या पाच वर्षांत कुणी आठवडाभर सलग औषध घेतलेलं नाही. तंबाखूला कुणी बोट लावलेलं नाही, आणि दारू हा प्रकार केवळ दुकानाच्या पाटीवरून माहीत आहे. आई-वडील म्हातारपणानं गेले, भाऊ-बहिणी ठणठणीत. ‘आपली प्रकृती सर्वसाधारणपणे कशी असते?’ असा एक प्रश्न असतो. त्याचं देशभरातलं उत्तर एकच. चांगली. एवढी धडधाकट जनता असताना गल्लीगल्लीत मेडिकलची दुकानं चालतात कशी, हे अर्थशास्त्रज्ञांनी तपासावं.

हा अर्ज भरला जातो मार्चअखेरीला, चहा येईपर्यंतच्या वेळात. एजंट बहुधा परका नसतो. मावसभावाचा साडू असतो, शाळेतले सर असतात, पतसंस्थेत रोज भेटणारा कुणी असतो. त्याला टार्गेट पुरं करायचंय, आपल्याला टॅक्स वाचवायचाय. मृत्यू हा विषय दोघांच्याही डोक्यात नसतो.

‘काका, बीपी वगैरे काही?’

‘सकाळची एक गोळी चालू आहे. पण आता नॉर्मल असतं.’

‘नॉर्मल असतं ना? मग ‘नाही’ लिहितो.’

गोळीमुळे बीपी नॉर्मल, नॉर्मल म्हणजे बीपी नाही, आणि बीपीच नाही तर गोळी कसली? तिचा उल्लेखही नको. ‘शुगर?’ ‘बॉर्डरला आहे.’ बॉर्डरवरच्याला आत कशाला घ्यायचं, ‘नाही’. काकूंना विचारावं तंबाखूचं, तर त्या चिडतात. ‘छे, मी नाही खात.’ आणि मशेरी? ‘ती खात नाही, दाताला लावते.’ अर्जात प्रश्न असतो ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखू’ असा. मशेरी हे तंबाखूचंच स्वरूप आहे, हे काकूंना कुणी सांगत नाही. एजंटला माहीत असतं. पण ‘हो’ लिहिलं की मेडिकल आलं, रिपोर्ट आले, हेड ऑफिसचं पत्र आलं, हप्ता वाढला, काकांचा विचार बदलला, कमिशन गेलं. एका ‘हो’मागे एवढा खटाटोप. शिवाय काका आपलेच. त्यांना कशाला त्रास?

मग पेन्सिलीची फुली दाखवतील तिथं सह्या होतात. आता पेन्सिल गेली, मोबाइलवर ओटीपी आला. ओटीपी सांगताना माणूस निदान बँकेच्या बाबतीत तरी दोनदा विचार करतो. विम्याचा ओटीपी तो स्वयंपाकघरातून ओरडून सांगतो.

अर्जावर विमा कायद्याची दोन कलमं बारीक टायपात छापलेली असतात, ४१ आणि ४५. कलम ४१ सांगतं की एजंटनं आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला सूट म्हणून देऊ नये, गिऱ्हाइकानं तो घेऊ नये. दंड दहा लाखांपर्यंत. हे कलम ‘पहिला हप्ता आमच्याकडून, काका’ या वाक्यानं त्याच टेबलावर मोडलं जातं. कलम ४५ मात्र कुणी मोडत नाही. ते कुणी वाचतही नाही. ते वाचलं जातं घरातलं माणूस गेल्यावर, वकिलाच्या ऑफिसात.

त्यात लिहिलंय ते असं. पॉलिसी निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत कंपनी म्हणू शकते की आम्हाला खोटं सांगितलं, किंवा महत्त्वाचं काही लपवलं. तीन वर्षं उलटली की कोणत्याही कारणानं पॉलिसीवर शंका घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, पण दोन वर्षांनंतरही लबाडी सिद्ध करून पैसे नाकारायची खिडकी उघडी होती. आता मुदत तीन वर्षांची झाली आणि खिडकीला कुलूप लागलं. हा सौदा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे. अट एवढीच, की तीन वर्षं मरायचं नाही.

आणि हप्ते चुकवायचे नाहीत. ही मेख फार थोड्यांना ठाऊक असते. पॉलिसी लॅप्स झाली आणि थकलेले हप्ते भरून पुन्हा चालू केली, तर तीन वर्षांचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. पंधरा वर्षं जुनी पॉलिसी असली तरी. पुन्हा चालू करताना तब्येत उत्तम असल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं, त्यावरही एजंट फुली मारून देतो आणि आपण सही ठोकतो. पहिल्या अर्जाच्या वेळी माणूस तिशीत होता, खरोखरच निरोगी होता. आता पंचेचाळिशीत दोन गोळ्या चालू आहेत. पहिलं ‘चांगली’ खरं होतं, दुसरं ‘चांगली’ घात करतं.

तीन वर्षांच्या आत माणूस गेला की फायलीवर शिक्का बसतो, ‘अर्ली क्लेम’. आणि इथून पुढं विमा कंपनीचं जे रूप दिसतं ते पाहून थक्क व्हायला होतं. अर्ज घेताना जी कंपनी काकांच्या खिशातल्या गोळीच्या पाकिटाकडं बघायला तयार नव्हती, ती आता तालुक्याच्या दवाखान्यातलं धूळ खात पडलेलं रजिस्टर उघडते. तपासनीस येतो. तो फॅमिली डॉक्टरला भेटतो, लॅबमध्ये जातो, केमिस्टशी गप्पा मारतो, शेजारच्यांना ‘दादा थोडी घ्यायचे का हो?’ असं आपुलकीनं विचारतो. एवढी चौकशी मुलीचं स्थळ बघताना होत नाही. हा माणूस दोन वर्षं आधी कुठं होता? आधी त्याची गरजच नव्हती. पैसे येत होते.

त्याच्या हाताला लागणाऱ्या दोन कागदांविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे.

पहिला कागद म्हणजे हॉस्पिटलचा केसपेपर. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला रिक्षातून कॅज्युअल्टीत आणलेलं असतं. ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर विचारतो, ‘शुगर आहे का?’ माणूस बोलायच्या अवस्थेत नाही. सोबत पुतण्या असतो, तो नोकरीनिमित्त पिंपरीला राहतो, काकांना दिवाळीला भेटतो. तो म्हणतो, ‘असेल बहुतेक. चार-पाच वर्षं झाली असतील.’ डॉक्टर लिहितो ‘के-सी-ओ डीएम, पाच वर्षं’. म्हणजे मधुमेहाचा ज्ञात रुग्ण. पॉलिसी दोन वर्षांची. पाचातून दोन गेले, उरले तीन; तीन वर्षं लपवाछपवी! पुतण्याच्या ‘असेल बहुतेक’चे पंचवीस लाख झाले. ग्राहक आयोगांनी अशा केसपेपरवर अनेकदा कंपन्यांना अडवलं आहे. ही माहिती कुणी दिली? लिहिणाऱ्या डॉक्टरचं शपथपत्र कुठंय? आधीच्या उपचाराची एखादी चिठ्ठी तरी? पण आयोगापर्यंत जाणाऱ्यालाच हे प्रश्न ऐकायला मिळतात. बाकीच्यांना नामंजुरीचं पत्र मिळतं, आणि पत्र इंग्रजीत असतं.

दुसरा कागद जास्त गमतीचा आहे. नोकरदार माणूस असेल तर कंपनी त्याच्या ऑफिसकडून रजेचा तपशील मागवते. आणि आपल्या सरकारी-निमसरकारी ऑफिसांतली रजा ही काय चीज आहे, हे वाचकांना सांगायला नको. मेव्हणीचं लग्न निघालं, किरकोळ रजा संपलेली, अर्जित रजा साहेब देईना. मग उरते ती मेडिकल. ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणायचा. दाखल्यात काय लिहायचं ते डॉक्टरच्या मूडवर. कधी विषमज्वर, कधी कावीळ, कधी नुसतंच ‘हायपरटेन्शन, विश्रांतीचा सल्ला’. लग्न झालं, हळदीचे डाग निघाले, दाखला सर्व्हिस फाइलीत चिकटून राहिला. विम्याच्या अर्जात प्रश्न असतो की गेल्या पाच वर्षांत प्रकृतीच्या कारणावरून कामावर गैरहजर होता का? आपण ‘नाही’ लिहितो आणि गंमत म्हणजे ते खरं असतं! पण ऑफिसचा कागद म्हणतो अकरा दिवस आजारी होता. आता बायकोनं कुणाला काय सांगायचं? नवरा विमा कंपनीशी खोटं बोलला नाही, सरकारशी बोलला? कबूल केलं तर रजा खोटी, नाही केलं तर अर्ज खोटा. माणसानं आयुष्यात कुठं तरी एकाच ठिकाणी आजारी असावं.

कायद्याची खरी करामत पुढं आहे. लपवणं लबाडीचं होतं असा आरोप असेल आणि विमेदार हयात नसेल, तर लबाडी नव्हती हे दाखवायची जबाबदारी कलम ४५ नं वारसांवर टाकली आहे. म्हणजे नवऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं, हे बायकोनं सांगायचं. ते तिला तो जिवंत असताना कधी कळलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये मात्र कंपन्यांना ठणकावलं की माहिती दडवली हे आधी तुम्ही सिद्ध करा, नुसते तक्ते जोडून भागणार नाही. त्या प्रकरणात कंपनीचं म्हणणं होतं की विमेदारानं आपल्या इतर पॉलिसी लपवल्या. पुरावा म्हणून दिला होता तक्ता. न्यायालयाला तो पुरेसा वाटला नाही.

‘पण अर्ज तर एजंटनं भरला होता!’ हे वाक्य प्रत्येक वारस बोलतो. कायदाही वर वर त्याच्या बाजूचा दिसतो. कलम ४५ म्हणतं की पॉलिसी विकणारा माणूस करार होईपर्यंत कंपनीचाच प्रतिनिधी धरला जाईल. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोऱ्या अर्जावर सही केली, वाचलं नाही, ही सबब चालणार नाही. सही ज्याची, उत्तरं त्याची. त्या प्रकरणातला माणूस आजार लपवून गेला नव्हता, दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली दुसऱ्या कंपनीची पॉलिसी त्यानं सांगितली नव्हती. तेवढ्यावर दावा बुडाला. इंग्रजी अर्जावर मराठीत सही करणाऱ्यासाठी एक जोडघोषणा असते, ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला’. तिच्यावरही सही घेतात. समजावून सांगायचं तेवढं राहून जातं.

कोणता आजार ‘महत्त्वाचा’, याचंही एकसारखं माप नाही. २०१५ मध्ये एका मराठी कुटुंबाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गृहस्थांनी कंबरेच्या मणक्याचं आणि सायटिकाचं दुखणं अर्जात लिहिलं नव्हतं, गेले हृदयविकारानं. कंपनीनं दावा फेटाळला होता. न्यायालय म्हणालं, कंबरदुखी जीवघेणी नाही, पैसे द्या. ठीक. पण त्याआधी २००७ मध्ये थायरॉइडच्या गाठीची चार वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया न सांगणाऱ्याचा दावा त्याच न्यायालयानं नामंजूर ठरवला होता. तेव्हा अर्ज भरताना ‘हे काय सांगायचं’ असा निवाडा आपणच करू नये. कंबरेचं काय आणि गळ्याचं काय, हे ठरायला दिल्लीपर्यंत जावं लागतं.

विमा कंपन्यांच्या वकिलांना एक जुना इंग्रजी खटला फार प्रिय आहे, १७६६ सालचा. सुमात्रातल्या बेंकुलेनच्या मार्लबरो किल्ल्याच्या गव्हर्नरनं, जॉर्ज कार्टरनं, किल्ला शत्रूच्या हाती जाईल या धास्तीनं विमा उतरवला. फ्रेंचांनी १७६० मध्ये किल्ला घेतला. विमा देणारा बोह्म म्हणाला, किल्ला किती कच्चा आहे हे लपवलंस, पैसे नाहीत. लॉर्ड मॅन्सफील्डनं त्यावर निकाल देताना विम्यात परमविश्वासाचं तत्त्व सांगितलं आणि तेव्हापासून ‘विमेदारानं सगळं सांगितलंच पाहिजे’ म्हणताना हा खटला पुढं केला जातो. एक गोष्ट मात्र सांगायची राहते. त्या खटल्यात विमेदार जिंकला होता! मॅन्सफील्डचं म्हणणं असं होतं की विश्वास दोन्ही बाजूंनी पाळायचा, आणि जे विमा देणाऱ्याला ठाऊक होतं किंवा सहज विचारता आलं असतं, त्यावर मागाहून गळा काढू नये. खुद्द इंग्लंडनं २०१२ मध्ये कायदा करून सामान्य गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं ‘विचारलं नाही तरी सांगा’चं ओझं उतरवलं. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नीट द्या, बस. आपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या निकालाचा अर्धाच भाग पाठ केला.

आता कुणाला वाटेल, सदरवाल्यानं गिऱ्हाइकाची बाजू घेतली. घेतली, पण आंधळेपणानं नव्हे. सर्वोच्च न्यायालयापुढं २०२० मध्ये आलेलं प्रकरण पाहा. पॉलिसी ऑगस्ट २०१४ ची, मृत्यू सप्टेंबर २०१४ चा. तपासात निघालं की माणसाला हेपटायटिस सी होता, दारूनं पोखरलेला, रक्ताच्या उलट्यांसाठी हॉस्पिटलात होता. अर्जात सगळं ‘नाही’. न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. फक्त पैसे आधीच दिलेले होते आणि दावा करणारी त्याची आई सत्तर वर्षांची होती, म्हणून ते परत घेऊ नका असं सांगितलं. आणि उत्तर प्रदेशात संभलला २०२५ मध्ये पोलिसांनी जी टोळी पकडली, तिचा धंदाच मुळी मरणपंथाला लागलेली माणसं शोधून त्यांचे विमे उतरवण्याचा होता. हे पैसे कंपनीच्या मालकाच्या तिजोरीतून जात नाहीत. मशेरीचं खरं सांगून जादा हप्ता भरणाऱ्या काकूंच्या खिशातून जातात. असे लोक असले तरी काकूंनी सगळ्यांच्या संशयाचा हप्ता भरावा, हेही बरं नाही.

कंपन्यांना या सगळ्याविषयी विचारलं की त्या जाहिरातीतला आकडा दाखवतात. २०२२-२३ मध्ये देशभरातले वैयक्तिक मृत्युदावे सुमारे पावणेअकरा लाख होते, त्यातले ९८.४५ टक्के मंजूर झाले. उत्तम आकडा आहे. पण त्यात वीस-वीस वर्षं हप्ते भरून गेलेले आजोबा-आज्या आहेत, त्यांचे पैसे अडवायला कायदाच परवानगी देत नाही. भांडण आहे ते तीन वर्षांच्या आतल्या मृत्यूंचं. त्यांचा आकडा होर्डिंगवर का येत नाही? आणि उरलेला दीड टक्का म्हणजे सोळा हजारांच्या वर घरं. कुणाला नकार, कुणाची फाइल लटकलेली.

कंपनीला मनापासून सत्य हवं असतं तर ते मिळवणं अवघड नाही. अर्ज घेतानाच रक्ततपासणी करा, हॉस्पिटलचे कागद मागवा, एजंटनं खोटं भरलं तर कमिशन परत घ्या. पण तपासणीला खर्च आहे, आणि तपासणीनं गिऱ्हाईक बिचकतं. त्यापेक्षा सगळ्यांना ‘नॉन-मेडिकल’ घ्यावं, सगळ्यांचे हप्ते घ्यावेत, आणि जो लवकर मरेल त्याचीच तेवढी तपासणी करावी. खर्चात बचत. मेलेला माणूस उपाशीपोटीचं रक्त द्यायलाही येत नाही.

तेव्हा ज्यांनी यंदाच्या मार्चमध्ये पॉलिसी घेतली आहे त्यांनी एवढं करावं. पॉलिसीच्या बाडाला तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली असते. नसेल तर मागून घ्या. तब्येतीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः वाचा. एखादं ‘नाही’ चुकीचं असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करून पैसे घेता येतात. तीस दिवस उलटले असतील तर शाखेला मराठीत पत्र लिहा, ‘अमुक गोळी अमुक सालापासून चालू आहे, अर्जात राहून गेलं’, आणि पोच म्हणून आवक शिक्का घ्या. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी नाकारतीलही. ते तुम्ही जिवंत असताना झालेलं बरं. एजंट रुसेल, त्याला रुसू द्या.

आणि ज्यांच्या हातात नामंजुरीचं पत्र पडलंय त्यांनी ते फ्रेम करून ठेवू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी विचारा की कोणत्या कागदाच्या आधारे. नुसतं चुकीचं सांगणं ठरलं आणि लबाडी ठरली नाही, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात, तेही मागा. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा लोकपालाकडं जा. पुण्यात हे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. दावा पन्नास लाखांपर्यंतचा हवा, अर्ज कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.